'डायक्स्ट्रा'मधला 'स्ट्रा' म्हणजे आपला 'कर'

प्रश्न असा आहे: "मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. त्याचे सर 'डिजकस्ट्रा अल्गोरिदम' म्हणतात. खरा उच्चार काय? हा '-स्ट्रा' म्हणजे आपल्या शस्त्र-अस्त्रातला '-त्र'च, असं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं. माझी भाची लग्न होऊन नेदरलँड्सला गेली, तिच्या सासरचं आडनाव हूकस्ट्रा. त्या घराण्याच्या किती पिढ्या सापडतील?"

'डिजक' हा उच्चार ऐकून ऐकून कान विटले आहेत. डचमध्ये आय आणि जे ही जोडी एकाच स्वरासाठी लिहितात, त्यातला 'ज' कुणी उच्चारत नाही. म्हणून डायक्स्ट्रा. ज्या माणसाची 1959 साली छापलेली, सर्वांत जवळची वाट शोधायची रीत वापरून आपली मुलं परीक्षेत गुण मिळवतात, त्याचं नाव तरी नीट घ्यावं.

आता '-त्र'. संस्कृतातला हा प्रत्यय साधन दाखवतो. ज्याने नेलं जातं ते नेत्र, ज्यातून प्यायचं ते पात्र. डायक्स्ट्रा हे कशाचं साधन? अक्षरं जुळली की नातं जुळलं, या वेडाने आपल्याकडच्या शब्दचर्चेचं फार नुकसान केलं आहे. '-स्ट्रा' म्हणजे 'स्ट्राट', रस्ता, असं छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. त्यांनी फ्रीसलंडच्या चिखलात रस्ते किती होते ते आधी पाहावं.

फ्रीसलंड हा नेदरलँड्सच्या उत्तरेचा प्रांत आणि ही '-स्ट्रा'वाली आडनावं मुळात तिथली. त्यातला 'स्ट्रा' जुन्या 'साटर'वरून आला. साटर म्हणजे बसणारा, ठाण मांडून राहणारा. डायक म्हणजे समुद्राचं पाणी अडवणारा बांध, तेव्हा डायक्स्ट्रा म्हणजे बांधावर राहणारा. टर्प म्हणजे पुरापासून वाचायला माणसांनी रचलेलं टेकाड, त्यावरचा तो टर्पस्ट्रा. झायल म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, गोव्याच्या खाजणात ज्याला मानस म्हणतात ते. तिथला तो झायलस्ट्रा. आणि हूक म्हणजे कोपरा, त्यामुळे तुमच्या भाचीचं सासर चक्क कोपरकरांचं! आपला '-कर' जे काम करतो तेच हा '-स्ट्रा' करतो.

खरी गंमत पुढेच आहे. 'साटर'मधला धातू 'बसणे' या अर्थाचा, आणि त्याचा सख्खा भाऊ संस्कृतात आहे: सद्. आपल्या 'द'च्या जागी डचांकडे 'ट' येतो, हे नियमाने घडतं. आपले दश, त्यांचे टीन. आपले द्वि, त्यांचे ट्वे. तसंच आपलं सद् आणि त्यांचं सिट. ज्यात बसायचं, म्हणजे राहायचं, ते आपलं सदन. बांधावर बसला तो त्यांचा डायक्स्ट्रा. व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांना संस्कृतशी नातंच हवं होतं तर ते इथे होतं, आणि त्यांनी नेमकं चुकीच्या टोकाला धरलं. बसणं आणि राहणं यांची ही सांगड मला तर फार स्वाभाविक वाटते. मराठीत धातू वेगळा, बसणे आलं उप-विश् वरून, तरी आपणही गाव 'बसवतो'च की. माणूस फिरायचा थांबला, बसला, की त्याला पत्ता मिळतो, आणि आडनावाची सुरुवात पत्त्यापासूनच होते, असं माझं ठाम मत आहे. 'डी योंग', म्हणजे धाकटा, हे डचांचं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव माझ्या विरोधात दाखवलं जातं. ते अपवाद म्हणून मी बाजूला ठेवतो.

आणखी एक भाकड कथा इथेच मोडून काढतो. 1811 साली नेपोलियनने आडनावं सक्तीची केली तेव्हा डचांनी चिडून थट्टेची नावं लिहून दिली म्हणे, आणि पुरावा काय, तर 'नाक्टखेबोरन', म्हणजे 'नागवा जन्मलेला'. हे आडनाव त्या हुकुमाच्या कितीतरी आधीचं आहे. ते जर्मन 'नाखगेबोरन'चं बिघडलेलं रूप मानतात: बाप गेल्यानंतर जन्मलेला. एका पोरक्या मुलाच्या नावावर दोनशे वर्षं हसणं चाललं आहे, आणि पर्यटकांना ते पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्यांना त्याचं काहीच वाटत नाही.

राहिल्या पिढ्या. फ्रीसलंडमध्ये 1811 पूर्वी पुष्कळांची ओळख बापाच्या नावाने असे: यानचा पीटर तो पीटर यान्स. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आपल्यासारखीच, त्यामुळे पीटर यान्स, यान पीटर्स, पुन्हा पीटर यान्स अशी साखळी लागते आणि नवखा माणूस आजोबा-नातू एकच समजतो. 1811 ची फ्रीसलंडमधली आडनाव-नोंदणीची पुस्तकं उपलब्ध आहेत. कुटुंबप्रमुखाने घेतलेलं आडनाव आणि मुलानातवंडांची नावं त्यांत आहेत. तिथून मागे चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या. अलीकडच्या नोंदींत जन्माची शंभर, लग्नाची पंचाहत्तर आणि मृत्यूची पन्नास वर्षांनी खुली होते, म्हणून भाचीने सासऱ्यांच्या आजोबांपासून सुरुवात करावी. दोन हूकस्ट्रा मात्र नातेवाईक धरू नयेत. कोपरे गावोगाव होते.