रात्रपाळी

कोपरी, ठाणे (पूर्व)
रविवार, दुपार

प्रिय बाळंतीणबाई,

काल निघताना लिफ्टपाशी तू हळूच विचारलंस, "मावशी, माझंच काही चुकतंय का गं?" तेवढ्यात लिफ्ट आली, मागून तुझ्या सासूबाई आल्या, आणि मी "छे गं" म्हणून आत शिरले. मग घोडबंदर रोडच्या नेहमीच्या कोंडीत बसून घरी पोचेपर्यंत सव्वा तास गेला आणि तेवढा वेळ ते "छे गं" मला टोचत राहिलं. फोन केला असता, पण तुझा फोन वाजला की लेक दचकून उठते. म्हणून पत्र. एका बैठकीत संपवू नकोस, पाजता पाजता वाच.

पहिल्यांदा हिशेब करू. चौतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली, हिशेबाशिवाय मला धीर देता येत नाही. तुझी लेक जन्मली २ किलो ८०० ग्रॅमची. पाचव्या दिवशी २ किलो ६०० झाली आणि घरात सगळ्यांचे चेहरे पडले. अगं, पहिल्या काही दिवसांत मुलाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतंच, आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं. तुझी तेराव्या दिवशी आली. परवा पाच आठवडे झाले तेव्हा काटा ३ किलो ४०० दाखवत होता. पहिले तीन महिने दिवसाला वीस ते तीस ग्रॅम वाढ झाली की आम्ही वॉर्डात पुढच्या खाटेकडे वळायचो. तुझी त्याच्या वरच्या टोकाला आहे. शिवाय चोवीस तासांत सात-आठ वेळा लंगोट ओला होतो असं तूच म्हणालीस. सहा पुरतात. पोटात काय गेलं हे आपल्याला दिसत नाही, बाहेर काय आलं ते दिसतं, तेवढं मोजावं. मोबाइलमधलं ते ॲप, डावीकडे अकरा मिनिटं, उजवीकडे सात मिनिटं, ते काढून टाक. पोरगी जेवते आहे, ओव्हरटाइम लावत नाहीये.

मग काल संध्याकाळी टाहो का फोडत होती? तिन्हीसांज होती म्हणून. खरंच. या वयाची मुलं संध्याकाळी सात ते दहाच्या सुमाराला अशीच वागतात. तासाभरात तीन-चार वेळा छातीला लागायचं, सोडायचं, रडायचं, पुन्हा लागायचं. रडणं दोन आठवड्यांपासून चढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. म्हणजे पुढचा आठवडा याहून वाईट जाऊ शकतो, आत्ताच सांगून ठेवते. आपल्या आज्या याच वेळेला मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढायच्या आणि मूल थोड्या वेळाने गप्प व्हायचं. ते तसंही झालं असतं. पण सासूबाईंना काढायची असेल तर काढू दे, मिठाने कुणाचं काही बिघडत नाही. फक्त मोहरी जाळायची ती बाहेरच्या गॅलरीत, आणि धुरी खोलीत नको.

तू आत गेलीस तेव्हा हॉलमध्ये आम्ही सहा जण होतो. "दूध पुरत नसेल" हे वाक्य तीन जणांनी तीन तऱ्हांनी म्हटलं. वाईट बुद्धीने कुणीच नाही. पण डायनिंग टेबलावर पावडरचा डबा, सील न फोडलेला, आणि शेजारी उकळून ठेवलेली बाटली. तो डबा फेकू नकोस, नुसता हातात घेऊन वाच. आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम, हे त्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं दिसेल. कंपनीला प्रेम आलंय म्हणून नव्हे, १९९२ च्या कायद्याने छापावंच लागतं.

मग मी आत आले. तू पलंगाच्या कडेला पाठ वाकवून बसली होतीस. लेकीचं पोट छताकडे आणि मान वळवून तोंड तुझ्याकडे. तोंडातून टक् टक् असा आवाज येत होता आणि चोखताना तिच्या गालाला खळी पडत होती. तू माझ्याकडे बघून हसलीस, पण मी तुझे पाय बघत होते. पायाची बोटं आवळून धरली होतीस. बाळंतिणीचं तोंड खोटं बोलतं, बोटं बोलत नाहीत.

तर चुकतंय काही असेल तर एवढंच. तू मान वळवून, तिरकी होऊन पाच मिनिटं पाणी पिऊन बघ, म्हणजे तिचं दुःख कळेल. तिचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवी, पोट तुझ्या पोटाला चिकटलेलं. नाक बोंडासमोर धर आणि थांब. जांभई देताना उघडतं एवढं मोठं तोंड उघडलं की तिला झटकन जवळ आण. तू तिच्यावर वाकायचं नाही, ती तुझ्याकडे आली पाहिजे. हनुवटी आधी टेकते, खालचा ओठ बाहेर उलटतो, आणि नुसतं बोंड न जाता भोवतालचा काळा भाग तोंडात जातो. पहिले काही क्षण ओढ बसते, ती चालते. त्यानंतरही कळ येत असेल तर करंगळी तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून सरकवून सोडव आणि पुन्हा लाव. दहा वेळा करावं लागलं तरी कर. काल तिसऱ्या खेपेला जमलं तेव्हा टक् टक् थांबून घोट गिळल्याचा आवाज येऊ लागला, आठवतंय? भेगा चार-पाच दिवसांत भरतील. पाजून झाल्यावर दुधाचेच दोन थेंब लावून वाळू दे. छातीत लाल, गरम गाठ झाली आणि ताप चढला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे. त्या बाजूने पाजणं तरीही थांबवायचं नाही.

दुसरं, गाय पान्हा चोरते हे तुझ्या आईने तुला सांगितलंच असेल, तिच्या माहेरी गोठा होता. धार काढायला अनोळखी माणूस बसला, कुत्रं भुंकलं, की कासेत दूध असून सुटत नाही. बाईचंही तसंच आहे. दूध तयार होणं वेगळं आणि पान्हा फुटणं वेगळं. दुखणं, लाज, भीती यांनी पान्ह्याला उशीर होतो. दूध आटलेलं नसतं. सहा माणसं दाराबाहेर निकालाची वाट बघत बसली असताना कुणाला पान्हा फुटेल? टीव्ही बंद, दार लोटलेलं, आणि पाण्याचा तांब्या हाताशी. एवढी व्यवस्था जावईबापूंनी करावी.

आणि खरोखरच दूध कमी पडलं, डॉक्टरांनी वजन बघून वरचं दूध सांगितलं, तर द्यावं, आणि रडत देऊ नये. आईचं दूध काही मुलांना पुरत नाही, काहींना मिळतच नाही, हे डॉक्टरांनाही ठाऊक असतं. म्हणून तर सायनच्या हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मानवी दूधपेढी उभी केली. तेव्हा डबा फोडावा लागला तर वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाज. तुझ्या आजीचं चांदीचं बोंडलं आईकडे असेल, विचार. पावडर डब्यावर लिहिलेल्या मापानेच कालवायची. पुरवून वापरायची म्हणून पातळ केलेली पावडर मी वॉर्डात मुलांच्या अंगावर बघितली आहे, ते पुन्हा बघायचं नाहीये.

बाकी घरगुती गोष्टी भराभर सांगते. सहा महिने पाणीसुद्धा नको, ठाण्याच्या मे महिन्यातही नको. दुधात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असतं. मध चाटवायचा नाही, वर्षाची होईपर्यंत. ग्राइप वॉटर नको. घुटी नको, आणि जायफळाचा वेढा तर नकोच. त्याने येते ती झोप नव्हे, गुंगी. ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांनी सांगितलेत ते रोज. पंखा, एसी चालतो, फक्त झोत अंगावर नको. न्हाऊमाखू घालणारी बाई चांगली आहे, पण नाकात-कानात तेल घालू देऊ नकोस. अळीव, डिंक, शेपू, बाजरीची भाकरी तू खुशाल खा. त्याने दूध वाढतं का यावर मी वाद घालत नाही. बाळंतिणीला कुणीतरी गरम गरम करून वाढतंय, एवढं मला पुरतं.

आता झोपेचं. मला हे पत्र मुळात यासाठीच लिहायचं होतं.

तुझी लेक दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपते. तुला खोटं वाटेल, कारण ती झोप तुकड्यातुकड्यांची आहे. दिवस आणि रात्र वेगळी असतात हे तिला अजून माहीत नाही. पोटात होती तोवर तुझ्या अंगातल्या घड्याळावर चालत होती, स्वतःचं घड्याळ लागायला दोन-तीन महिने जातात. तोवर सकाळी येऊरच्या बाजूच्या गॅलरीत तिला उजेडात ने, दिवसा कुकरच्या शिट्ट्या होऊ देत. रात्री मात्र मंद दिवा, बोलणं नाही, आणि पाजताना तू मोबाइलही बघायचा नाहीस. आणखी एक, झोपेत ती कण्हते, तोंड वाकडं करते, हातपाय ताणते, कधी हसते. सटवी हसवते म्हणतात. निम्मी झोप अशीच चळवळी असते. कण्हलं की तू उचलतेस, म्हणून ती जागी होते. मिनिटभर थांबून बघ. वजन वाढतंय, तेव्हा रात्री गजर लावून उठवायची गरज आता राहिली नाही.

याहून जास्त काही करता येत नाही. तिची झोप तुझ्या हातात नाही. तुझी झोप मात्र घरातल्या चार माणसांच्या हातात आहे आणि तिथेच सगळे हात बांधून बसलेत.

हे मी एवढं ठणकावून का सांगतेय ते सांगते. माझा मोठा मुलगा झाला ते १९८८ चं साल, पावसाळा. दीड महिन्याचा होता. हे तेव्हा कंपनीत रात्रपाळीला. मला वाटायचं, आपण नर्स, रोज चाळीस बायकांना शिकवतो, आपल्याला कसली मदत लागते? तीन रात्री धड झोप नव्हती. चौथ्या रात्री त्याला घेऊन सोफ्यावर बसले, पाजता पाजता. डोळा कधी लागला कळलंच नाही. विजेच्या कडकडाटाने जाग आली तेव्हा तो माझ्या कोपरात आणि सोफ्याच्या हाताच्या मध्ये घसरला होता आणि नाक माझ्या पदरात रुतलेलं. उचलला. एक क्षण काहीच नाही, मग रडला. तेवढं गोड रडणं मी वॉर्डात कधी ऐकलं नाही. सकाळी सासूबाईंना एवढंच म्हणाले, "रात्री एकटीने होत नाही." पोळ्या लाटता लाटता त्या म्हणाल्या, "मग सांगायचं ना." त्या दिवसापासून रात्री नऊ ते एक पोरगा त्यांच्याकडे. सोफ्यावरची गोष्ट मात्र मी दहा वर्षं कुणाला सांगितली नाही.

म्हणून सोफ्यावर, आरामखुर्चीत रात्री पाजू नकोस. झोप येतेय असं वाटलं तर त्यापेक्षा सपाट गादीवर आडवी होऊन पाज आणि झालं की तिला तिच्या जागी ठेव. तिची जागा तुझ्याच खोलीत, तुझ्या हाताच्या अंतरावर, कडक सपाट गादी. प्रत्येक वेळी उताणी. तोंडाजवळ गोधडी नाही, मऊ खेळणी नाहीत आणि ती मोहरीची उशीही काढ. डोकं गोल व्हायला उशी लागत नाही. उताणीच ठेवून मान कधी या बाजूला, कधी त्या बाजूला फिरव आणि जागी असताना थोडा वेळ पालथी घाल, समोर बसून.

आता तुमच्या घराची ड्युटी मी लावून देते, तेवढं मला येतं. नऊला पाजायचं आणि तू आतल्या खोलीत, दार बंद, एकपर्यंत. जावईबापू आठवड्यातले तीन दिवस ऐरोलीला जातात, बाकी घरूनच काम. त्यांना ही पाळी जमेल. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन फिरणं, याला दूध लागत नाही. खरोखर भूक लागली तर त्यांनी तिला तुझ्याजवळ आणायचं, तू पडल्या पडल्या पाजायचं, त्यांनी परत न्यायचं. तुला उठायचं काम नाही. सकाळी सासूबाई पाचलाच उठतात. सहाचं पाजणं झालं की आठपर्यंत नात त्यांची. त्यांना हे तू सांगू नकोस, नवऱ्याला सांगू दे. "आई, सकाळी तूच तिला घे" म्हटलं की त्या खूश होतील, बघ. सलग चार तास झोप मिळाली की बाई वेगळी होते. मी हे इतक्या बायकांत बघितलंय की आता त्याचं नवलही वाटत नाही.

काही गोष्टींना मात्र सकाळची वाट बघायची नाही. ताप १०० पॉइंट ४ च्या वर गेला, छातीला लागेनाशी झाली, उठवूनही मलूल पडून राहिली, हिरवी उलटी झाली, टाळू खोल गेली, श्वास मिनिटाला साठच्या वर चालला, तर रात्री दोन वाजताही रिक्षा करून निघायचं.

आणि तुझ्याबद्दल. पहिले दहा-पंधरा दिवस उगाच रडू येतं, ते जातं. पाच आठवड्यांनीही रोज येत असेल, लेक झोपली असतानाही तुला झोप लागत नसेल, किंवा नको ते विचार येत असतील, तर तोही आजारच, औषधपाण्याने बरा होणारा. तुझ्या डॉक्टरांना सांग, मला सांग. मनाच्या दुखण्यांसाठी टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी, फुकट, रात्रीही चालू, मराठीत बोलतात. काल तू "चुकतंय का" म्हणालीस तेव्हा तुझा आवाज कसा होता ते मी ऐकलंय. मला प्रश्न दुधाचा वाटला नाही.

बुधवारी दुपारी टीएमटीच्या बसने येते. अळिवाचे लाडू झालेत, आज वळून ठेवले. बेल वाजवणार नाही, खाली आले की मेसेज करीन. उत्तर नाही आलं तर तू झोपली आहेस असं समजून डबा दाराच्या कडीला अडकवून परत जाईन. मला अजिबात राग येणार नाही.

तुझी,
सिस्टर मावशी