बाग विकण्याआधी सहीचा विचार करा

गुहागर तालुक्यातील एका शिक्षिकाताईंचे पत्र आले आहे. त्यांच्या यजमानांच्या मेंदूतील गाठीवर मुंबईत शस्त्रक्रिया झाली, तपासणीत ती ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे चौथ्या श्रेणीची निघाली, आणि आता किरणोपचार सुरू व्हायचे आहेत. ताईंची जिल्हा परिषदेच्या शाळेत 17 वर्षे नोकरी झाली आहे, मुदत ठेवीत 6 लाख रुपये आहेत आणि मुलगा अकरावीत आहे. यजमानांनी स्वतःच्या कमाईतून जमीन घेऊन लावलेल्या 80 हापूस कलमांच्या बागेला दलालाने 35 लाखांचे गिऱ्हाईक आणले असून, व्यवहार दिवाळीपूर्वी व्हावा असा त्याचा आग्रह आहे. बाग विकून आणि नोकरी सोडून पूर्ण वेळ शुश्रूषा करावी का, हा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, माझे मत असे की आज या दोन्ही गोष्टी करू नयेत. मात्र एक काम आठवडाभरात हाती घ्यावे. परवा बँकेच्या स्लिपवर यजमानांनी दोनदा सही केली आणि दोन्ही वेळा आडनावाचे शेवटचे अक्षर राहून गेले, असे तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिले आहे. तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची आर्थिक माहिती मला तीच वाटते.

मेंदूच्या गाठीत स्मरण, बोलणे आणि निर्णयशक्ती यांवर परिणाम होऊ शकतो, आणि तो कधी होईल हे सांगता येत नाही. पुष्कळ कुटुंबे अशा वेळी मुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात. परंतु ते देणारी व्यक्ती निर्णयक्षम राहिली नाही, की आपल्या कायद्यानुसार ते मुखत्यारपत्रच संपुष्टात येते. त्यानंतर त्यांच्या नावावरच्या जमिनीचा व्यवहार करायचा, तर पालक म्हणून नेमणूक मिळवण्यासाठी न्यायालयात जावे लागते, आणि ऐन उपचारात ते कोणालाही झेपणारे नाही. म्हणून विक्रीचा निर्णय लांबणीवर टाका, पण तो निर्णय पुढे तुम्हाला घेता येईल अशी सोय आत्ताच करा. यजमान स्वच्छ मनाने तयार असतील, तर जमीन स्वकष्टार्जित असल्यामुळे ती नोंदणीकृत बक्षीसपत्राने तुमच्या नावे करता येईल. ते सहजी मागे घेता येत नाही, हे त्यांना नीट समजावून सांगा. ते नको वाटल्यास निदान दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करून त्याची नोंदणी करा. कोणताही दस्त करताना, ते सर्व समजून सही करीत आहेत असा डॉक्टरांचा त्याच सुमाराचा दाखला सोबत ठेवा. बँक खाते दोघांच्या नावे, दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असे करून घ्या. ठेवीवरचे नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

आता नोकरीविषयी. पगाराबरोबर तुमच्या सेवेतील वैद्यकीय प्रतिपूर्तीचा, म्हणजे उपचारांचा खर्च परत मिळण्याचा, हक्कही जाईल, आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतून मुदतीपूर्वी बाहेर पडल्यास मोठी रक्कम हाती न येता तिचा 80 टक्के भाग वार्षिकीत, म्हणजे हप्त्याहप्त्याने पेन्शन देणाऱ्या योजनेत, अडकतो. त्याऐवजी रजेचा हिशेब मांडा. अर्धवेतनी रजा वर्षाला 20 दिवस जमा होते आणि ती खासगी कारणासाठीही मागता येते. 17 वर्षांची 340 दिवस, त्यातून वापरलेली वजा करा. किरणोपचार साधारण सहा आठवडे चालतात, त्या काळात टेमोझोलोमाइड या कर्करोगावरील औषधाच्या कॅप्सूल रोज असतात, आणि पुढे बहुधा सहा महिने दर 28 दिवसांतून 5 दिवस. त्यामुळे सगळी रजा एकदम न घेता पहिले सहा आठवडे सलग घ्या आणि उरलेली जपून ठेवा. चौथ्या श्रेणीची गाठ पुन्हा वाढण्याची शक्यता बरीच असते. हे लिहिताना मलाही जड जाते, पण तुमच्या हातांची खरी गरज त्या वेळी लागेल.

रुग्णालयाच्या खर्चासाठी आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस, गाठा. तेथे कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता होतात, पण आधीच भरलेली बिले परत मिळत नाहीत, म्हणून दाखल होण्यापूर्वीच चौकशी करा. प्रतिपूर्ती आणि योजना एकाच बिलावर मागू नका. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण, तर सोबत्याला 75 टक्के सवलत आहे. दाखला रुग्णालयातून मिळतो. रक्त तपासण्यांसारखी कामे डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात केलेली चालतील का, हेही मुंबईच्या डॉक्टरांना विचारा. चिपळूणहून मुंबईच्या काही फेऱ्या तरी वाचतील.

घरातल्या खर्चाला मात्र कोणतीच योजना पुरत नाही, आणि तुमच्या 6 लाखांची खरी जागा तीच आहे. तुमच्या पडवीतून माजघरात यायला दोन पायऱ्या आहेत आणि न्हाणीघर मागील दारी आहे, असे तुम्ही लिहिले आहे. उतार, कमोड आणि पकडायला दांडा आत्ताच करून घ्या. दिवसा चार तास सोबतीला पगारी बाई ठेवा, कारण शाळा, मुलगा आणि रात्रीची जागरणे एका माणसाने पेलायची नसतात. अशा कुटुंबांसाठी ब्रेन ट्यूमर फाउंडेशन ऑफ इंडिया काम करते आणि रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकही असतात. त्यांच्याशी बोलताना पैशाच्या अडचणी संकोच न करता सांगा.

बाग यंदा एका हंगामापुरती कराराने द्या. रक्कम लेखी ठरवा, निम्मी आगाऊ घ्या, आणि कल्टार, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहर आणणारे औषध, किती व केव्हा घालायचे हे करारात लिहून घ्या, कारण एका वर्षासाठी बाग घेणाऱ्याला झाडाच्या पुढच्या वर्षांची काळजी असतेच असे नाही. दलालाला सध्या विक्री नाही एवढेच कळवा. बाग कोणाच्या हाती द्यावी हे मात्र यजमानांना विचारा. कोणते कलम कधी मोहरते आणि कोणता बागाईतदार फांद्या न मोडता आंबा उतरवतो, हे त्यांच्याइतके तुमच्या घरात कोणाला ठाऊक नाही. ते सांगतील ते मुलाला वहीत लिहून घेऊ द्या.