१.७ म्हणजे नापास नव्हे दादा, आणि पहाटेचा तो फोन आधी बंद करा

(तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदार वडिलांचं पत्र आहे. मुलगा ऑक्टोबरपासून जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिटीत मेकॅनिकलचं एमएस करतोय. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय गेले, बाकी दोनात "१.७ आणि २.३ एवढेच" पडले. पतसंस्थेचा हप्ता चालू आहे, साडूचा मुलगा कॅनडातून पैसे पाठवतो आणि हा फोनसुद्धा उचलत नाही. परत बोलावून एमपीएससीला बसवू का, असं विचारलंय.)

नमस्कार दादा,

मार्कांचं नंतर बघू. मला टोचलं ते तुमचं हे वाक्य, "रोज सकाळी सहाला, औषध मारायला जायच्या आधी फोन करून हप्त्याची आठवण देतो." अहो, आपले सकाळचे सहा म्हणजे तिथं हिवाळ्यात रात्रीचा दीड आणि आता उन्हाळ्यात अडीच! पोरगं झोपलेलं असतं, नाहीतर परीक्षेच्या टेन्शनमध्ये जागं असतं, आणि दोन्ही वेळा फोनवर बापाचा आवाज हप्ता मागणारा. तुम्ही लिहिता "उचलत नाही, बिघडलाय वाटतं". मी असतो तर मीपण उचलला नसता.

आता मार्क. जर्मनीत १.० सगळ्यात वर, ४.० ला पास आणि ५.० म्हणजे नापास, म्हणजे आपल्या बरोबर उलटं. १.७ हे चांगले मार्क आहेत दादा, २.३ पण चांगलेच, नवीन देशात पहिल्याच सेमिस्टरला तर कौतुक करावं असे. तुम्ही त्यावरून त्याला बोललात. त्यानं सांगायचा प्रयत्न केला असणार, पण हप्त्याच्या विषयात ते ऐकायला कुणाला वेळ होता?

दोन विषय गेले ते मात्र हलकं घेऊ नका. तिथं बऱ्याच विषयांत शेवटच्या एका पेपरवर सगळं असतं, आपल्यासारखे टर्मवर्कचे मार्क हाताशी नसतात, त्यामुळं इथला हुशार पोरगाही पहिल्या सेमिस्टरला आपटतो. बहुतेक ठिकाणी एका पेपरला तीनच चान्स मिळतात, आणि सक्तीच्या विषयात तिसराही गेला तर नाव कमी होतं, वर तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडं करणंही जवळपास बंद होतं. म्हणून त्याला आत्ता वेळ पाहिजे, आणि तुम्ही नेमका तोच मागताय.

पार्टटाइम काम करून त्यानं हप्ता भरावा असं तुम्हाला वाटतं, पण पार्टटाइमवर हप्ता निघत नाही. स्टुडंट व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, त्यातून फार तर त्याचा तिथला खर्च निघेल. व्हिसाच्या आधी तुम्ही ब्लॉक्ड अकाऊंटला (वर्षाचा खर्च आधीच भरायचा आणि महिन्याला ठरावीकच काढता येतो असं खातं) ११,९०४ युरो भरलेत ना, ते महिन्याला ९९२ म्हणजे तिथल्या सरकारच्या हिशोबानं नुसत्या जगण्याचा खर्च आहे. साडूच्या पोराचं सोडा, तो अजून शिकतोय का शिक्षण संपवून नोकरीला लागलाय हे तुम्ही लिहिलेलंच नाही. आणि खरं बोलायचं तर बँकेच्या एज्युकेशन लोनला साधारण कोर्स संपून वर्षभर हप्ता नसतो (व्याज चढतं), पण तुम्ही जमीन तारण ठेवून पतसंस्थेचं घेतलंत, तो निर्णय तुमचा होता. मग मुदत वाढवून मागायची तर पतसंस्थेच्या मॅनेजरकडं मागा, चोवीस वर्षांच्या पोराकडं नको.

एमपीएससीचं विचारलंत, तर त्याला स्वतःला करायची असेल तर वय आहे, नाहीतर विषय बंद.

येत्या रविवारी दुपारी चारला फोन करा, तिथं साडेबारा वाजलेले असतील. १.७ बद्दल शाब्बास म्हणा, जेवतोस काय ते विचारा, आणि हप्त्याचा ह सुद्धा काढू नका. दोन पेपर परत कधी द्यायचे हे त्यानं युनिव्हर्सिटीच्या स्टडी ॲडव्हायझरला विचारावं, त्याला पैसे लागत नाहीत. पोराचा नंबर मला पाठवलात, तो मी लावणार नाही. माझा त्याला द्या, वाटलं तर करेल.