दुखतंय एकीकडं, गाठ भलतीकडं

मागच्या अंकात स्नायूंमधल्या गाठींवर, म्हणजे फिजिओथेरपीत ज्याला ट्रिगर पॉइंट म्हणतात त्यावर, जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, तर यावेळी संपादकांनी पत्रांची थप्पीच हातात ठेवली. निम्म्या पत्रांत तेच एक वाक्य, 'एक्स-रे नॉर्मल आहे तरी दुखायलंय'. सगळ्यांना उत्तर देणं होणार नाही, पाच निवडलीत. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न: ताई, माझं वय 44, मानवत तालुक्यात आमची शेती. कापूस वेचणीपासून उजवा खांदा पुढून दुखायलाय, कळ दंडातून पार मनगटापर्यंत जाती. त्या कुशीवर झोपता येत नाही, मागं हात नेऊन वेणी घालायची म्हणलं की जीव जातो. एक्स-रेत काही निघालं नाही. बाम लावून लावून कातडी सोलायची वेळ आली. घरचे म्हणतात वात आहे. काय करू?

उत्तर: ताई, तुमचा बाम बहुतेक चुकीच्या जागी लागतोय. खांद्यामागं जे पसरट त्रिकोणी हाड असतं ना, पाठीचा फरा, त्याच्यावर इन्फ्रास्पायनॅटस नावाचा एक स्नायू पसरलेला असतो, आणि गंमत अशी की याच्यात गाठ धरली की दुखतं मात्र खांद्याच्या पुढच्या बाजूला, दंडात, कधी कधी हातापर्यंत. पाइपलाइन फुटते एका धुऱ्यावर आणि ओल दिसते दुसऱ्याच वावरात, तसं. माणूस ओल दिसते तिथं खणत बसतो.

ही गाठ म्हणजे कातडीखाली हलणारी गोटी नव्हे. स्नायूत एखादी दोरी ताणल्यासारखी लागते आणि त्या दोरीवर एक जागा अशी असते की बोट ठेवलं की माणूस दचकतोच. जागा बरोबर सापडली हे कसं ओळखायचं? ती दाबल्यावर तुमची नेहमीची कळ, तीच दंडातली, जागी व्हायला पाहिजे. पेशंट म्हणतो, 'हां, हेच, हेच दुखणं!' माझ्या टेबलावर हे मी रोज ऐकते.

आता घरी काय करायचं ते नीट सांगते. पोरं क्रिकेट खेळतात तो टेनिस बॉल घ्या, जुन्या लांब मोज्यात टाका, मोज्याचं टोक डाव्या हातात धरून बॉल पाठीमागं सोडा म्हणजे तो घरभर पळणार नाही. भिंतीला पाठ लावून उभं राहा, बॉल फऱ्यावर आला पाहिजे, मणक्यावर नाही. हळूहळू अंग इकडं तिकडं सरकवा, दुखरी जागा सापडली की थांबा, तिथंच थांबायचं, घासायचं नाही. दुखणं दहापैकी पाच-सहाच्या वर जाऊ देऊ नका आणि श्वास रोखू नका, हे दोन्ही नियम सगळेच मोडतात. 30 सेकंद ते फार तर एक मिनिट, तेवढ्यात कळ थोडी विरघळल्यासारखी होते, मग सरळ व्हा, गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं शेका आणि हात वरून, मागून, समोरून तीन-चारदा पूर्ण फिरवा. हे फिरवणं सोडलं तर निम्मं काम वाया. दिवसातून दोन-तीनदा बास. दुसऱ्या दिवशी थोडं ठणकलं तर चालतं, काळं-निळं झालं तर तुम्ही जास्त दाबलंय.

जास्त दाबण्याची खोड मलाही होती बरं का. शिकून नवीन नवीन आले तेव्हा एका शिवणकाम करणाऱ्या मावशींचा खांदा मी कोपर लावून असा काही दाबला की त्या दोन दिवस मान वळवू शकल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, 'पोरी, बरं करायलीस का हिशोब चुकता करायलीस?' तेव्हापासून अंगठा हळू.

पण ताई, बॉलनं सुटलेली गाठ वेचणीला गेलं की परत येणार, कारण तीच तर ती बनवते. हजारो वेळा तोच हात पुढं, बोटं बोंडात, हात मागं ओटीकडं, आणि ओटी भरत गेली की कंबर वाकलेली, खांदा ओढलेला. ओटी गच्च भरायची वाट बघू नका, अर्ध्यावर रिकामी करा. एका ओळीला उजवा हात पुढं, दुसरीला डावा, पहिल्या दिवशी डावा हात आंधळ्यासारखा चालेल, आठवड्यात सवय होते. आणि तासाभरानं सरळ उभं राहून दोन्ही खांदे मागं फिरवा, मुकादम बघत असला तरी.

एक तपासून घ्या. हात पूर्ण सैल सोडा आणि दुसऱ्या कुणाला तो उचलायला आणि बाहेरच्या बाजूला वळवायला सांगा. दुसऱ्यानं नेऊनही हात अडकत असेल तर ही नुसती गाठ नाही, फ्रोजन शोल्डर असू शकतो, आणि मग शुगर तपासाच, डायबेटिसवाल्यांत तो जास्त दिसतो. आणि चालताना वाढणारी, छाती आवळणारी, घाम फोडणारी कळ असेल, डाव्या हातात असो नाहीतर उजव्या, तर बॉल-बील काही नाही, सरळ दवाखाना.

प्रश्न: मॅडम, मी तुळजापूर लाइनला गाडी चालवतो, वय 38. उजव्या कुल्ल्यापासून पायाच्या बाहेरच्या बाजूनं घोट्यापर्यंत कळ. एमआरआयमध्ये गादी थोडी सरकली लिहिलंय, डॉक्टर म्हणले ऑपरेशनची गरज नाही. गावात एका पायाळू माणसाकडून कमरेवर लाथ मारून घेतली, दोन दिवस बरं वाटलं. ही नस दबली का गाठ?

उत्तर: लाथेवरून आधी बोलू. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावायचा हे माझ्या आजीनंही केलेलं आहे, आणि उसण चार-आठ दिवसांत आपली आपण उतरते त्यामुळं श्रेय पायाळूला जातं. हळू पाय लावला तर ठीक, पण लाथ? परत नको. गादी सरकलेल्या माणसाला तर अजिबात नको.

आता गादी. एमआरआयमध्ये गादी थोडी सरकलेली अशा कितीतरी लोकांत दिसते ज्यांना काडीचंही दुखत नाही, वय वाढेल तसं जास्तच. म्हणून रिपोर्ट खोटा नसतो, पण तुमच्या दुखण्याला तोच जबाबदार असं त्यावर लिहिलेलं नसतं. कुल्ल्याच्या बाहेरच्या बाजूला खोलवर ग्लुटियस मिनिमस नावाचा छोटा स्नायू आहे, त्यातल्या गाठीची कळ थेट मांडीच्या बाहेरून घोट्यापर्यंत उतरते, हुबेहूब सायटिकासारखी. दोन्ही एकत्रही असू शकतं. फरक घरबसल्या पक्का करता येत नाही, पण एक खूण आहे: कुल्ल्याच्या बाहेरच्या हाडाच्या वरची मऊ जागा दाबून नेहमीची कळ उठत असेल तर गाठीला वाव आहे. खोकल्या-शिंकल्यावर कळ विजेसारखी पायात जात असेल, मुंग्या, बधिरपणा असेल तर नसेकडं जास्त बोट जातं.

पाकीट मागच्या खिशात आहे ना? ड्रायव्हर लोकांचं असतंच, आणि ते पाकीट कसलं, पावत्या, देवाचा फोटो, आरसी, सगळा संसार त्यात. त्याच्यावर आठ-दहा तास बसायचं म्हणजे एक कुल्ला वर, एक खाली. ते आजच पुढच्या खिशात टाका, याला खर्च शून्य. सीट थोडी पुढं घ्या म्हणजे क्लच दाबताना पाय ताणावा लागणार नाही, आणि दर तासा-दीड तासाला खाली उतरून गाडीला एक चक्कर मारा. संध्याकाळी भिंतीला कडेनं टेकून तोच बॉलचा प्रयोग कुल्ल्याच्या बाहेरच्या बाजूला करा. जमिनीवर झोपून बॉलवर अख्खं वजन टाकू नका, सुरुवातीला ते सहन होत नाही आणि लोक मग सोडून देतात.

हे मात्र कापून दारावर चिकटवा: लघवी अडकली किंवा न कळत व्हायला लागली, दोन्ही मांड्यांच्या मधली, बसायची जागा बधिर झाली, किंवा पाऊल उचलेना आणि चालताना चप्पल पायातून निसटायला लागली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. उद्या नाही. ताप, कारण नसताना घटलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तरी गाठी शोधत बसू नका.

प्रश्न: मी नांदेडचा निवृत्त शिक्षक. ट्रिगर पॉइंट हे शास्त्र आहे का नवीन फॅड? आजकाल सुया टोचणारेही निघालेत, मला तर संशय येतो.

उत्तर: सर, संशय रास्त आहे, पूर्ण उत्तर देते.

नवीन तर नाही. अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल नावाच्या डॉक्टर होत्या, जॉन केनेडींच्या पाठीवर त्यांनी उपचार केले आणि 1961 मध्ये व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या डॉक्टर झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या बाई. केनेडींची ती प्रसिद्ध डुलती खुर्ची यांच्याच सल्ल्याची. डेव्हिड सायमन्स या सहकाऱ्याबरोबर त्यांनी कुठल्या स्नायूतली गाठ कुठं दुखवते याचे नकाशे काढले, त्या जाडजूड ग्रंथाचा पहिला खंड 1983 मध्ये आला, आणि आम्ही अजून तेच नकाशे वापरतो.

पण सिद्ध काय झालंय? पेशंटला एखादी जागा दाबली की दुसरीकडं दुखतं, हे रोज दिसतं, त्यावर फारसं भांडण नाही. भांडण आहे ते तिथं नेमकं काय झालंय यावर. एक बाजू म्हणते स्नायूला आवळायला सांगणारं रसायन, ॲसिटिलकोलिन, तिथं जास्त सुटतं, तेवढा भाग आवळून बसतो, रक्तपुरवठा कमी पडतो आणि दुखवणारी द्रव्यं साचतात. दुसरी बाजू म्हणते गाठ-बीठ काही नाही, मज्जासंस्थाच जास्त संवेदनशील झालेली असते. रोज वापरता येईल अशी रक्ताची किंवा एक्स-रेची तपासणी यासाठी नाही, सगळा खेळ बोटांचा, आणि दोन थेरपिस्टची बोटं एकाच पाठीवर वेगवेगळी जागा दाखवतात हे अभ्यासांतही निघालंय आणि माझ्या स्वतःच्या अनुभवातही. दाबून किंवा सुईनं काही दिवस-आठवडे आराम पडतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं, पण अभ्यास छोटे, आणि लांबचा फायदा तेवढा पक्का नाही. म्हणून माझं मत असं, की दाबून मिळालेला आराम ही फट आहे, त्या फटीत व्यायाम आणि कामाची पद्धत घुसवली तर उपयोग, नाहीतर दर आठवड्याला पैसे भरत राहा. 'बारा सिटिंगचं पॅकेज' पहिल्याच दिवशी गळ्यात मारणाऱ्याकडून उठून या.

सुई म्हणजे ड्राय नीडलिंग, सुई ॲक्युपंक्चरचीच पण टोचायची जागा स्नायूच्या गाठीवरून ठरते, औषध काही जात नाही. शिकलेल्या हातात चालतं, पण खांदा आणि बरगड्यांच्या भागात सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं, हा धोका कमी असला तरी खरा आहे. समोरच्याचं शिक्षण विचारा, सुई नवीन पाकिटातून तुमच्यासमोर फोडतोय का बघा, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

प्रश्न: मी लातूरला नीटची तयारी करतोय. रोज दुपारनंतर कानशिलं ठणकतात, मान दगड होते. गोळी खाऊन क्लास करतो.

उत्तर: रूमवर अभ्यास कुठं करतोस, गादीवर पुस्तक मांडीत घेऊन ना? मग मान दिवसभर खाली लोंबतेय. मानेपासून खांद्यापर्यंत जो मांसल कठडा आहे, ट्रॅपेझियस, त्यातली गाठ कानशिलात दुखवते. तो कठडा विरुद्ध हाताच्या अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धर, अर्धा मिनिट, मग मान हळूच दुसरीकडं झुकव. गळ्याच्या पुढच्या बाजूला, जिथं नाडी लागते, तिथं अजिबात दाबायचं नाही. पुस्तक उंच कर, चार जाड गाइड खाली ठेवलेस तरी झालं, तेवढाच त्यांचा उपयोग. डोळे तपास, झोप सहा तासांच्या खाली नेऊ नकोस. आणि रोजची गोळी बंद कर, आठवड्यातून बऱ्याचदा घेतली की गोळीनंच डोकं दुखायला लागतं. अचानक उठलेली, कधीच झाली नव्हती इतकी जोरात डोकेदुखी, किंवा उलटी-तापाबरोबरची असेल तर घरी कळव आणि दवाखाना गाठ.

प्रश्न: आईला (वय 67, शुगर आहे) डाव्या पोटरीत गाठ आल्यासारखं झालंय, पाय सुजलाय, गरम लागतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन आठवडे झोपूनच आहे. तिळाच्या तेलानं चोळतोय, विटकर गरम करून शेकतोय. तुमचा बॉल वापरू का?

उत्तर: नका. चोळणंही आत्ता, हे वाचता वाचता बंद करा. ऑपरेशन, पडून राहणं आणि एकाच पायाला सूज, गरमपणा, हे शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचं लक्षण असू शकतं, आणि चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पायाची सोनोग्राफी, डॉपलर म्हणतात, आजच करून घ्या, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करून निघा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट 108. आणि विटकर नको, शुगरवाल्यांच्या पायाला चटका कळत नाही, फोड आल्यावर कळतं.