कॅमेरा एका कंपनीचा, एनव्हीआर दुसऱ्या कंपनीचा: वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न: आमच्या सोसायटीत दाहुआचा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा रेकॉर्डर) आहे. त्याला हिकव्हिजनचे दोन नवे कॅमेरे जोडायचे आहेत. शोध घेतल्यावर कॅमेरे यादीत दिसतात, पण जोडताच ‘पासवर्ड चुकीचा’ असा संदेश येतो. ब्राउझरमध्ये मात्र त्याच पासवर्डने कॅमेरा उघडतो. (पनवेल)

उत्तर: ब्राउझरमध्ये कॅमेरा उघडतो, ही आपण दिलेली माहिती मोलाची आहे; तिच्यामुळे केबल आणि वीजपुरवठा हे दोन्ही संशयाबाहेर जातात. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी ऑनव्हिफ या सामाईक प्रणालीतून बोलतात. अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये तिची सुरुवात केली. हिकव्हिजनच्या अलीकडच्या फर्मवेअरमध्ये (कॅमेऱ्यातील अंगभूत सॉफ्टवेअरमध्ये) ही प्रणाली मुळात बंद असते आणि तिचे वापरकर्ते वेगळे असतात, म्हणजे ब्राउझरचा ‘अ‍ॅडमिन’ तेथे आपोआप चालत नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या नेटवर्क सेटिंगमधील प्रगत विभागात जाऊन ऑनव्हिफ सुरू करावे आणि तेथेच नवा वापरकर्ता तयार करावा. त्यानंतर एनव्हीआरवर उत्पादकाच्या रकान्यात ऑनव्हिफ निवडून हेच नाव आणि हाच पासवर्ड द्यावा. पोर्टच्या रकान्यात कॅमेऱ्याचे एचटीटीपी पोर्ट (ज्यावरून ब्राउझर कॅमेऱ्याशी बोलतो तो क्रमांक) द्यावे, बहुधा ८०.

एवढे करूनही तोच संदेश आला, तर कॅमेऱ्याचे घड्याळ पाहावे. ऑनव्हिफमध्ये पासवर्ड पाठवताना त्याच्यासोबत वेळही गुंफून पाठवली जाते आणि दोन्ही उपकरणांच्या घड्याळांत मोठी तफावत असेल तर कॅमेरा बरोबर पासवर्डही नाकारू शकतो. नव्या कॅमेऱ्यात जुनीच तारीख किंवा चीनचा टाइम झोन असणे नेहमीचे आहे. टाइम झोन भारताचा (+५:३०) करून वेळ संगणकाशी जुळवून घ्यावी.

आणखी एक अडचण हमखास नजरेतून सुटून जाते. काही चुकीच्या प्रयत्नांनंतर कॅमेरा त्या पत्त्यावरून येणाऱ्याला ठरावीक वेळ अडवून ठेवतो. एनव्हीआर मात्र जुना चुकीचा पासवर्ड घेऊन पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहतो, त्यामुळे ही बंदी उठतच नाही, आणि आपण मधल्या काळात बरोबर पासवर्ड टाकला तरी तो चालत नाही. अशा वेळी कॅमेरा आधी एनव्हीआरच्या यादीतून काढून टाकावा, बंद करून पुन्हा सुरू करावा आणि मगच नव्याने जोडावा. फॅक्टरी रीसेट करण्याची घाई कृपया करू नये. तेवढ्याने ऑनव्हिफ पुन्हा बंद होते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

प्रश्न: कॅमेरा एनव्हीआरवर ‘ऑनलाइन’ दिसतो, पण चित्र काळे येते. मोबाइल अ‍ॅपवर मात्र चित्र स्वच्छ आहे. (सांगली)

उत्तर: हा प्रश्न बहुतेक वेळा व्हिडिओच्या कॉम्प्रेशनचा असतो. नवे कॅमेरे बहुधा एच.२६५ या कॉम्प्रेशनच्या (चित्रण दाबून लहान करण्याच्या) नव्या पद्धतीवर चालतात. ऑनव्हिफच्या ‘प्रोफाइल एस’ या जुन्या नियमसंचात ते नव्हते, २०१८ मध्ये आलेल्या ‘प्रोफाइल टी’मध्ये ते आले. त्यातून ‘एच.२६५+’ किंवा ‘स्मार्ट कोडेक’ ही प्रत्येक कंपनीची स्वतःची भर असते आणि परक्या एनव्हीआरला ती पुष्कळदा झेपत नाही. प्रथम स्मार्ट कोडेक बंद करून पाहावे. तेवढ्याने भागले नाही, तर मुख्य स्ट्रीम (कॅमेऱ्याकडून येणारा चित्राचा प्रवाह) एच.२६४ या जुन्या पद्धतीवर आणावी. संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता (थेट चित्राचा नेटवर्कवरील पत्ता) ५५४ पोर्टवर उघडून पाहिला तर दोष कोणत्या बाजूला आहे तेही कळते: तेथे चित्र आले, तर कॅमेरा निर्दोष आहे.

एच.२६४ ला जागा अधिक लागते, याचा हिशेब आधी करावा. ४ एमबीपीएसची स्ट्रीम दिवसाला सुमारे ४३ जीबी घेते, ६ एमबीपीएसची सुमारे ६५ जीबी. शिवाय एनव्हीआरची आत येणाऱ्या बँडविड्थची, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांकडून एकाच वेळी येणाऱ्या डेटाची, मर्यादा असते. ती ४० एमबीपीएस असेल आणि आठ कॅमेरे प्रत्येकी ६ एमबीपीएस पाठवत असतील, तर बेरीज ४८ होते आणि शेवटचा एखादा कॅमेरा काळा पडतो. दुकानदार फक्त चॅनलची, म्हणजे किती कॅमेरे जोडता येतात याची, संख्या सांगतो. विकत घेताना ही मर्यादाही आग्रहाने विचारावी.

प्रश्न: जुना कॅमेरा एनव्हीआरच्या मागच्या पीओई पोर्टला (नेटवर्क केबलमधूनच वीज देणाऱ्या पोर्टला) लावला, दिवा लागतो, पण कॅमेरा सापडत नाही. (मडगाव)

उत्तर: पीओई पोर्टचे नेटवर्क घरच्या राउटरपासून वेगळे असते, आणि आपल्या कॅमेऱ्यात जुना स्थिर आयपी पत्ता राहिला असावा. कॅमेरा राउटरला जोडून कॅमेऱ्यात डीएचसीपी (पत्ता आपोआप घेण्याची सोय) सुरू करावे आणि तो पुन्हा पीओई पोर्टला लावावा, किंवा तो राउटरवरच ठेवून एनव्हीआरमध्ये हाताने पत्ता टाकावा.

प्रश्न: दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याचे मोशन रेकॉर्डिंग (हालचाल झाली की होणारे चित्रण) होत नाही. (नाशिक)

उत्तर: चित्र आले म्हणजे सूचनाही येतात असे नाही. माणूस किंवा वाहन ओळखणे, रेषा ओलांडल्याची नोंद, या गोष्टी ऑनव्हिफवरून अनेकदा पोहोचतच नाहीत. साधी हालचाल तेवढी पोहोचते, तीही कॅमेऱ्यात मोशन डिटेक्शन सुरू असेल तर. ते तपासावे. तरीही नोंद येत नसेल, तर फाटक आणि जिन्यावरच्या कॅमेऱ्यांना सतत रेकॉर्डिंग लावावे, आणि हार्ड डिस्क त्या हिशेबाने मोठी घ्यावी.