माळवद गार, स्लॅब गरम. मग आर्किटेक्ट व्हावं का?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. पर्यावरणपूरक घरं बांधणारी आर्किटेक्ट व्हायचं म्हणते. आजीचं माळवदाचं घर उन्हाळ्यात गार आणि आपलं स्लॅबचं घर भट्टीसारखं का, हेच तिच्या डोक्यात घोळत असतं. मी म्हणतो, सिव्हिल कर. यात पोट भरेल का?
– एक पालक, उमरगा

उत्तर : मुलीनं प्रश्न अचूक पकडलाय. माळवदावरच्या मातीच्या जाड थरातून ऊन खाली झिरपायला वेळ लागतो. चार-पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता खोलीत सोडतो. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं दगावली ती अशाच जड माळवदांखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. उमरग्याच्या माणसाला हे मी काय सांगणार! म्हणून ‘जुनं तेच सोनं’ म्हणणारी आर्किटेक्ट तिनं होऊ नये. गारवाही राहील आणि भूकंपात घरही उभं राहील, असं छत शोधणं हे खरं काम. त्याला हौस पुरत नाही, गणित लागतं.

असं काम करून दाखवलेली माणसं आहेत. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात विटा उभ्या कडेवर रचून, मधे पोकळी ठेवून भिंती बांधल्या. या ‘रॅट ट्रॅप’ रचनेत विटा साधारण २५ टक्के कमी लागतात आणि पोकळीमुळे उष्णताही अडते. पुण्यात जन्मलेल्या आर्किटेक्ट अनुपमा कुंडू मुंबईच्या जे. जे. आर्किटेक्चर कॉलेजातून शिकून पुद्दुचेरीजवळच्या ऑरोव्हिलला गेल्या. तिथलं त्यांचं ‘वॉल हाउस’ हे घर मुलीला जरूर बघायला सांगा.

आता शिक्षण. ‘सस्टेनेबल’ असं माहितीपत्रकावर छापलेल्या महागड्या कोर्सला भुलू नका. आधी पाच वर्षांचं बी.आर्क. त्यासाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं, आणि नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर. नागपूरच्या व्हीएनआयटीला जेईईच लागते. कॉलेज काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या मान्यतेचंच निवडा, कारण काउन्सिलच्या नोंदणीशिवाय नावापुढे आर्किटेक्ट लावता येत नाही. ‘गृह’, आयजीबीसी या हरित मानांकनांचं प्रशिक्षण पदवीनंतर घेता येतं. (पश्चिमेला आख्खी काच लावायची, मग एसीवर एसी चढवायचे आणि दारात हरित पाटी ठोकायची, अशा इमारतीही तिला भेटतील. पाटीवर जाऊ नये.)

पैशाचं स्पष्टच सांगतो. सुरुवातीची काही वर्षं पगार तुटपुंजा असतो आणि कामाचे तास लांब. अनेकांना स्वतःचं ऑफिस उभं करायला पदवीनंतरही बरीच वर्षं लागतात. घरावर कर्ज असेल, लवकर कमाई हवी असेल, तर हे आजच तिच्यासमोर मांडा. मात्र मोठ्या इमारतींना ऊर्जा बचतीचे नियम लागू होत चालले आहेत, त्यामुळे उष्णता, उजेड आणि वारा यांचा हिशेब संगणकावर मांडता येणाऱ्यांना सल्लागार कंपन्यांत काम मिळतं. ते सॉफ्टवेअर तिनं कॉलेजात असतानाच शिकावं.

सिव्हिलचं दार बंद करायची गरज नाही. नाटाबरोबर इंजिनिअरिंगसाठीची एमएचटी-सीईटीही देऊ द्या. दरम्यान या उन्हाळ्यात दोन्ही घरांत थर्मामीटर लावून दुपारी दोनला आणि रात्री दहाला नोंदी ठेवायला सांगा, घरांचे आराखडेही हातानं काढू द्या. पंधरा दिवसांत तिला कंटाळा आला, तर सिव्हिलबद्दल पुन्हा बोलू.