रक्तात साखर भरपूर, मग मधुमेहीच्या हृदयाला ती का मिळत नाही?

मधुमेह्याच्या रक्तात साखर आधीच जास्त असते, मग रक्तपुरवठा तुटलेल्या हृदयाला ती आयती मिळायला नको का, असं तुम्ही विचारलं आहे. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. वर्गात हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण रक्तातली साखर आणि पेशीतली साखर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातूनच नीट कळतं.

निरोगी हृदय एरवी बहुतांश ऊर्जा फॅटी ॲसिडमधून मिळवतं. ऑक्सिजन कमी पडला की ग्लुकोज मोलाचं ठरतं, कारण तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये त्यातून जास्त एटीपी, म्हणजे पेशी ज्यावर चालते तो ऊर्जेचा रेणू, मिळतं आणि ऑक्सिजन अजिबात नसतानाही थोडंफार मिळतंच. थोडंफार म्हणजे ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे २ रेणू. ऑक्सिजन असता तर ३० च्या आसपास मिळालं असतं. पण पेशीच्या पडद्यावरचे पंप चालू ठेवायला त्या वेळी या दोनांचाच आधार असतो.

ग्लुकोज आपोआप पेशीत शिरत नाही. ग्लुट-४ नावाची वाहक प्रथिनं पेशीच्या आत साठवलेली असतात. इन्सुलिनचा निरोप आला की ती पडद्यावर येतात आणि ग्लुकोजला आत घेतात. ऑक्सिजन तुटल्यावर पेशीकडे आणखी एक वाट असते. एटीपी घटलं की एएमपीके हे एन्झाइम जागं होतं आणि इन्सुलिनची वाट न पाहता तीच प्रथिनं पडद्यावर आणतं. मला ही योजना फार सुंदर वाटते.

मधुमेहात घाव नेमका इथे बसतो. इन्सुलिनचा निरोप नीट पोचत नाही, आणि प्रयोगशाळेतल्या मधुमेही प्राण्यांच्या हृदयात ग्लुट-४ चा एकूण साठाच कमी आढळतो. हाक मारणारं एएमपीके आहे, पण बोलवायला प्रथिनंच थोडी. त्यात रक्तात फॅटी ॲसिडचा पूर. त्यांच्या ज्वलनामुळे ग्लुकोजला पूर्ण ज्वलनाकडे नेणारं पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम दबतं, म्हणून आत आलेलं ग्लुकोजही पूर्ण जळत नाही. त्याचं लॅक्टेट होतं, आम्लता वाढते, पेशीत सोडियम आणि त्यामागून कॅल्शियम साचतं. फॅटी ॲसिड आणि ग्लुकोजमधली ही ओढाताण जीवरसायनशास्त्रज्ञ रँडल आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्येच मांडली होती.

हे दवाखान्यातही दिसतं. हृदयाचा कमी रक्त मिळणारा भाग जिवंत आहे का, हे पाहायला किरणोत्सारी ग्लुकोज देऊन पेट स्कॅन करतात. रक्त कमी पण ग्लुकोज ओढतोय, म्हणजे तो स्नायू जिवंत आहे. मधुमेह्यात मात्र हृदय ते ग्लुकोज पुरेसं घेत नाही आणि चित्र फिकट येतं. मग शिरेतून इन्सुलिन देत, साखर पुन्हा पुन्हा तपासत तयारी करावी लागते.

साहजिकच तुम्ही म्हणाल, मग हृदयविकाराचा झटका आला की इन्सुलिन आणि ग्लुकोज दोन्ही देऊ या. ते करून पाहिलं आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या क्रिएट-एक्ला चाचणीत, मधुमेही असोत वा नसोत, वीस हजारांहून अधिक रुग्णांवर ग्लुकोज, इन्सुलिन आणि पोटॅशियमचं मिश्रण तपासलं. मृत्यू कमी झाले नाहीत. माझ्या मते यात नवल नाही. धमनी बंद असेल तर ग्लुकोज त्या स्नायूपर्यंत पोचणार कसं, आणि साचलेलं लॅक्टेट तिथून वाहून जाणार कसं? दोन्हीला रक्तच लागतं. म्हणून पहिली धडपड ती धमनी लवकरात लवकर उघडण्याची असते.